गढीचा पंचनामा

गारडतात्या माझ्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढायचे. झेरॉक्सच्या दुकानात कोणी चपला काढत नाही. मी किती वेळा सांगितलं, की तात्या, मी फरशी रोज पुसत नाही, पाय काळे होतील. त्यावर ते म्हणायचे, "कागद हाय ना आत." मग तळपायांना मशीनची काळी पूड लागायची आणि जाताना ते बाहेरच्या गवतावर पाय घासत उभे राहायचे.

माझं दुकान घोडेगावात, तहसील कचेरीच्या रस्त्याला आहे. एक कॉम्प्युटर, दोन झेरॉक्स मशिनं आणि दारात एक लाकडी बाक. अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन फॉर्म हे माझं रोजचं काम. दिवसभर माणसं येतात, प्रत्येकाला घाई असते, आणि काम झालं की मी त्यांना विसरते. सगळ्यांना लक्षात ठेवायचं म्हटलं तर जगणं अवघड होईल. तात्यांना मात्र विसरता आलं नाही. त्यांनी एकदा मला एका साध्या चौकोनात टिक करू दिली नव्हती. त्याचा राग मला बरेच दिवस होता.

त्यांचं नाव तुकाराम असवले. गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या वाटेवर. वनखात्यात गार्ड होते, म्हणून गारडतात्या. उंच, वाळकुडा माणूस. अंगात कायम खाकी शर्ट. निवृत्त झाल्यावरही खाकीच. "दुसरा शर्ट घातला की कुत्री भुंकत्यात," असं कारण द्यायचे. शर्टाच्या खिशात मोजायची टेप. बिबट्याच्या पंजाचा ठसा मोजायला ती सरकारने दिली होती, पण तात्यांनी तिने काय मोजलं नाही ते विचारा. माझा बाक मोजला, दुकानाचं शटर मोजलं. एकदा एक शेतकरी हात पसरून सांगत होता, "एवढा व्हता राव वाघ!" तात्यांनी त्याला म्हटलं, "हात तसंच धर." आणि टेप लावली. त्या हातांच्या मापाने बिबट्या बैलाएवढा भरला. शेतकऱ्याने हात निमूटपणे जवळ घेतले.

शेळी, वासरू, कुत्रं, काही मारलं गेलं की पंचनामा करायला तात्या जायचे आणि मग तीन प्रती काढायला माझ्याकडे यायचे. त्यांचा पंचनामा कधीच एका पानात संपायचा नाही. पहिल्या पानावर सगळे लिहितात तेच असायचं, म्हणजे तारीख, ठिकाण, पंचांची नावं, जनावराचं वर्णन. दुसऱ्या पानावर तात्या सुरू व्हायचे.

एकदा निरगुडसरची एक बाई त्यांच्या मागोमाग दुकानात आली. रात्री तिची शेळी गेली होती. बाईचं म्हणणं साधं होतं.

"भाऊ, गोठ्याला दार व्हतं असं लिवा की. तुमचं काय जातंय?"

"दार व्हतं का?"

"गोणपाट व्हतं. दारासारखंच."

"मग गोणपाट लिवतो. दारासारखं न्हाई लिवत."

"तुमी आमच्या बाजूनं हाये का वाघाच्या?"

"शेळीच्या," तात्या म्हणाले. "तुमी बोलताय. वाघाचं वरचं सायेब बघून घेतील. तिचं कोन हाय?"

बाई गप्प बसली नाही, तिने तात्यांच्या सात पिढ्या काढल्या. तात्या ऐकत होते आणि लिहीत होते. मी प्रती काढताना दुसरं पान वाचलं. गोणपाटाची लांबी-रुंदी होती, आणि त्याखाली: 'सदर गोठा मी मागील महिन्यात पाहिला होता. दार बसवण्यास सांगावयाचे माझ्याकडून राहून गेले. सबब काही अंशी कसूर माझी.'

"तात्या, हे कशाला?" मी विचारलं. "तुम्हाला कोणी विचारलंय?"

"झालंय ते लिवलं."

"आणि वाचणार कोण हे?"

"वाचतील कवातरी," ते म्हणाले आणि पायांना काळं लावून बाहेर गेले.

बाईला भरपाई मिळाली, जरा उशिराने. पण त्याआधीच्या रविवारी तात्या आपल्या घरच्या परड्यातलं जुनं दार एसटीतून निरगुडसरला घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, दाराचं लगेज पडेल. तात्यांनी हुज्जत घातली नाही. उलट कंडक्टरने नजरेने अंदाज केला तेव्हा त्याला टेप काढून दाराचं माप घेऊन दिलं, आणि लगेज वाढलं. हे मला त्या बाईनेच नंतर हसून हसून सांगितलं.

निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी तात्या महिनाभर घोडेगावला चकरा मारत होते. कचेरीत साहेब नसले की येऊन माझ्या बाकावर बसायचे. त्या बाकावर आधीच दोघांचं ठाणं होतं. एक इम्रान, माझ्या शेजारच्या गाळ्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुसरा नित्या, निरगुडसरचा, पिकअप गाडीवर ड्रायव्हर. पहाटे मार्केटला माल टाकून दुपारी मोकळा. दोघंही तिशीतले, बायकापोरांचे बाप, आणि दोघंही माझ्या वायफायवर मोबाइलवरचा एक खेळ खेळायचे. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. हे लोक त्याला नुसतं 'गढी' म्हणायचे.

खेळ असा, की तुम्हाला एक मोकळं रान मिळतं. त्यावर तुम्ही तट, बुरूज, धान्याचं कोठार बांधायचं. जगातला कोणीही येऊन तुमच्या गढीवर हल्ला करू शकतो, तुम्ही त्याच्या. आठ जणांची एक टोळी असते. ज्या परदेशी कंपनीचा हा खेळ, ती म्हणे फार मोठी. आणि या कंपनीवरून इम्रान आणि नित्याचं रोज वाजायचं.

"लबाड हाये कंपनी," इम्रान म्हणायचा. "गेल्या महिन्यात मी पैसे देऊन पक्का तट घेतला. ह्या महिन्यात त्यांनी नवीन तोफ काढली, एका गोळ्यात तट खल्लास. म्हणजे मला कुलूप विकायचं आणि चोराला चावी. गिऱ्हाइकाला असं वागवतात का, यार?"

"घे म्हणून कोणी तुझं मानगूट धरलं व्हतं का?" नित्या म्हणायचा. "माझ्याकडं बघ. पाच पैसे न्हाई घातले. मी का रडत न्हाई?"

"तुझी गढी बघ कशी दिसते. कोंबड्यांचं खुराडं."

पहिल्या दिवशी तात्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कंपनीचा कोनी हजर हाय का हितं?"

"नाय," इम्रान म्हणाला.

"मंग ही सुनावणी कशी? एकच बाजू बोलती." त्यांनी नित्याकडे बोट केलं. "तू कंपनीचा वकील. ती काय म्हनंल ते तू मांडायचं, पटो न पटो."

तेव्हापासून नित्या कंपनीचा वकील झाला, आणि पेन्शन सुरू झाली तरी तात्यांचं बाकावर येणं सुटलं नाही. कंपनीला हे ठाऊक नव्हतं. पण पुढची काही वर्षं घोडेगावात तिची बाजू अगदी नेटाने मांडली गेली. नित्या मुद्दे काढून आणायचा. माल उतरवताना सुचले की फोनमध्ये बोलून ठेवायचा. इम्रान चिडून दुकान उघडं टाकून बाकावर यायचा आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे विचारत यायची, "मोबाइलवाला कुठं गेला?" मी बोट दाखवायची.

तात्या त्या खेळात कसे ओढले गेले तेही सांगते. एक दिवस त्यांनी इम्रानला विचारलं, "ह्याच्यात गस्त हाय का?"

"गस्त?"

"फिरून बघायचं. कुठं दगड निखळलाय, कोन आत शिरलंय."

"फिरता येतं की. पण कोण फिरतो? सगळे हल्ला करतात, तात्या."

"मंग मला दाव," तात्या म्हणाले.

पाच वर्षं त्यांनी तो खेळ खेळला आणि एकदाही कोणावर हल्ला केला नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तटावरून पूर्ण फेरी. निखळलेला दगड बसवायचा, फुटलेला बुरूज लिंपायचा. बाकीचे तोफा ठेवतात त्या जागेवर तात्यांनी झाडं लावली होती. झाडांचा त्या खेळात काडीचा उपयोग नाही, ती नुसती शोभेची. झाडंही परदेशी, आपल्याकडे कोणी पाहिली नसतील अशी. तात्यांनी एकेकाला हिरडा, जांभूळ, अंजन अशी नावं देऊन टाकली होती. टोळीतले बाकीचे आधी हसायचे. मग तात्यांचा तट टोळीत सगळ्यांत उंच झाला, आणि हल्ल्यात सगळे आपापलं धान्य त्यांच्या कोठारात आणून लपवायला लागले, तेव्हा हसणं बंद झालं.

मला हे सगळं पोरखेळ वाटायचं आणि मी तसं सांगायचीही. एकदा म्हटलं, "तात्या, आयुष्यभर गस्त घातलीत, आता तरी बसा की स्वस्थ."

ते फोनवरून नजर न काढता म्हणाले, "तेहतीस वर्सं जंगल राखलं, ताई. बदली झाली की दुसऱ्याच्या हवाली. मागं वळून बघायचं न्हाई. पुढच्यानं तोडू दिली का राखली, काय कळत न्हाई." मग अंगठ्याने एक झाड सरकवलं. "हितं बदली न्हाई."

त्यानंतर मी पोरखेळ म्हणायचं सोडलं. निदान त्यांच्यासमोर.

आता चूक कशी झाली ते. तात्यांच्या डोंगराकडच्या गावात पडकईची पद्धत आहे. भाताची खाचरं करायची तर एकट्याच्याने होत नाही. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरावर खपायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, हिशेब नाही. ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. तात्यांनी ही पद्धत गढीच्या टोळीत आणली. नित्या गाडी घेऊन मुंबईला गेला की दोन दिवस त्याची गढी कोण राखणार? त्याने आपला पासवर्ड तात्यांना द्यायचा, तात्या आपल्या फोनवरून त्याच्या गढीची गस्त घालणार. इम्रानच्या घरी लग्न निघालं, तर नित्याने इम्रानची गढी बघायची. सगळ्यांचे पासवर्ड तात्यांच्या खिशातल्या वहीत लिहिलेले होते. कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी दिवसभर लोकांना सांगत असते की पासवर्ड कोणाला देऊ नका.

मग तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मंचरला. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस मोबाइल बघायचा नाही. तात्यांची गढी टोळीतली सगळ्यांत मोठी, सगळ्यांचं धान्य तिच्यात. तेव्हा पडकई जोरात निघाली. सकाळी इम्रान, दुपारी नित्या, संध्याकाळी टोळीतले आणखी दोघं. एका गढीत दिवसाला चार फोनांवरून माणसं शिरत होती. कंपनीच्या यंत्राला काय पडकई कळणार? त्याला चोर दिसले. सोळाव्या दिवशी तात्या हिरवा चष्मा लावून बाकावर आले, फोन उघडला आणि माझ्याकडे दिला.

"ताई, हे काय म्हनतंय?"

मी वाचलं. नियमभंग झाल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. दहा दिवसांत अपील करता येईल.

 हिरव्या चष्म्यातून तात्यांचे डोळे दिसत नव्हते. त्यांनी फोन परत घेतला आणि सवयीने अंगठा फिरवून पाहिला, पण त्या पाटीखाली काही हललं नाही.

पेटले ते बाकीचे दोघं.

"मी बोंबलत नव्हतो?" इम्रान ओरडला. "पाच वर्षं गिऱ्हाईक हाये हा माणूस! गेल्या दिवाळीला पैसे भरून वेशीचा दरवाजा घेतला त्यांनी. पैसे घेताना विचारलं का, तात्या तुमचा पासवर्ड कुणाकडं हाये? आता हाकलताना बरे नियम आठवले!"

नित्या उठून उभा राहिला. "तात्या, मी वकिलीचा राजीनामा देतो. असल्या कंपनीची बाजू माझ्याच्यानं मांडवत न्हाई."

"बस खाली," तात्या म्हणाले. "सुनावणी चालू असताना वकिलाला जाता येत न्हाई."

"अहो, तुमची गढी गेली!"

"म्हणूनच. पंच बोलव."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीतले पाच जण खरोखर बाकावर हजर झाले. बंद पडलेल्या गढीत शिरता येत नसलं तरी टोळीतल्या दुसऱ्याच्या फोनवरून ती बाहेरून दिसायची. इम्रानचा फोन मध्ये धरला. तात्या विचारायचे, पंच मोजायचे, मी लिहून घ्यायची. मला दुसरी कामं नव्हती असं नाही. पण सुरुवात झाल्यावर उठवेना.

"तट किती दगडांचा?"

"लई हायेत, तात्या."

"लई लिवता येत न्हाई. मोज."

नित्याने बोटाने एकेक दगड मोजला. मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजला. त्या पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आहे, त्यातला थोडा भाग देते: 'पंचांनी समक्ष पाहिले की, बुरूज चार उभे असून पैकी नैऋत्येचा अर्धवट. कोठाराचे दार बंद. आत धान्य आहे किंवा कसे हे बाहेरून दिसत नाही, सबब लिहिले नाही. झाडे सव्वीस, पैकी हिरडा नऊ. झाडांस इजा नाही. गस्त बंद असल्याने पूर्वेकडील तटाचे दोन दगड निखळलेले दिसले.'

हे दोन दगड तात्यांना फार लागले. त्यांनी दोनदा विचारलं, "पूर्वेकडचंच का? वेशीजवळचं?"

मग दुसरं पान आलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. चौथा मुद्दा: 'पासवर्ड इतरांस दिला होता. देऊ नये असा नियम आहे. नियम खाते उघडताना दाखवला होता, मी वाचला नाही. टोळीत ही पद्धत मीच आणली. सबब कसूर माझी.' सातवा मुद्दा: 'मात्र कंपनीने बंद करण्यापूर्वी एकदाही विचारणा केली नाही. विचारले असते तर सांगितले असते. चौकशी न करता शिक्षा केली ही कसूर कंपनीची.'

"चौथा काढा, तात्या," इम्रान म्हणाला. "सातवा राहू दे. सातवा एकदम झकास हाये."

"चौथा न्हाई तर सातवा कसा उभा राहील?"

अपिलाचा फॉर्म ऑनलाइन होता, मराठीतही मिळत होता, मी कॉम्प्युटरवर उघडला. नाव, नंबर, तक्रार, सगळं भरलं. शेवटी एक चौकोन: मी माझा पासवर्ड कधीही कोणालाही दिलेला नाही. त्यात टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता.

मी सरळ सांगते, मी माउस तिथे नेला होता. दिवसाला मी असल्या किती चौकोनांत टिक करते ते मोजायला बसले तर दुकान बंद ठेवावं लागेल. वर काय लिहिलंय ते अर्जदारही वाचत नाही, मीही नाही. तात्यांची नजर अधू म्हणून मी पुढे झाले होते, आणि त्यांना वाचून न दाखवता बटण दाबणार होते.

"थांबा," तात्या म्हणाले. हिरवा चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याजवळ वाकले होते. "दिसतंय मला आता, ताई. ऑपरेशन झालंय."

"तात्या, हा नुसता चौकोन आहे."

"मी दिला व्हता की पासवर्ड."

"एक टिक, तात्या!" इम्रान काकुळतीला आला. "एका टिकेत गढी परत. सव्वीस झाडं! कोण बघायला येतंय घोडेगावात?"

"पाच पंच बसवले ना आपन?" तात्या म्हणाले. "त्यांच्या सह्या घेतल्या. मंग त्या कशाला घेतल्या?"

नित्या मान खाली घालून म्हणाला, "मी माझी सही मागं घेतो, मग तर झालं?"

"तू वकील. तुझी सहीच न्हाई."

मी चिडले होते. म्हटलं, "तात्या, शेळीवालीच्या वेळी दुसऱ्याचं होतं. आता तुमचं स्वतःचं जातंय. पाच वर्षांचं."

"माझं हाय म्हणूनच की," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्या वाकलेल्या माणसाचा हात माझ्या टेबलाच्या कडेवर घट्ट होता. त्यांनाही ती गढी हवी होती, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. त्यांनी चौकोनापुढची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग चष्मा खाली घेऊन म्हणाले, "दुसरी वाट असंल तर बघा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

दुसरी वाट म्हणजे ई-मेल. शोधून शोधून कंपनीचा तक्रारीचा पत्ता सापडला. तिथे मराठी चालत नव्हतं, म्हणून पंचनाम्याचं इंग्रजी मी केलं. 'निखळलेले' आणि 'सबब' यांनी माझे दोन तास खाल्ले. पडकईला इंग्रजीत शब्द सापडेना, तेव्हा ती काय असते आणि तात्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे ती कशी निघाली ते चार ओळींत लिहिलं. सह्यांची पानं स्कॅन करून जोडली. एका पंचाने सही येत असूनही हौसेने अंगठा उठवला होता, तोही गेला.

तासाभरात यंत्राचं उत्तर आलं, की तुमचा निरोप आम्हाला महत्त्वाचा आहे. इम्रानने त्यावर जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. मग आठ दिवस काही नाही. तात्या रोज यायचे, चपला काढायचे, "आलं का?" विचारायचे आणि बाकावर बसायचे. फोन काढायचे नाहीत. इम्रान आणि नित्याही त्यांच्यासमोर खेळायचे नाहीत. बाक इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. माझं कामात लक्ष लागायला हवं होतं, लागलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. खाली माणसाचं नाव होतं. मी तिघांना हाक मारली आणि वाचून दाखवलं. आपल्या निवेदनाच्या दुसऱ्या पानावरील चौथ्या मुद्द्यात आपण स्वतःच पासवर्ड दिल्याचं म्हटलं आहे. त्यामुळे खातं पुन्हा सुरू करता येत नाही. नवीन खातं उघडण्यास हरकत नाही. सातवा मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवला आहे. आणि शेवटी एक ओळ: आपला डोळा आता बरा असेल अशी आशा आहे.

"बघा!" इम्रानने कपाळावर हात मारला. "चौथा! चौथ्यानं घात केला. सांगत होतो मी!"

"सातवा पाठवला म्हंजे कचऱ्यात टाकला," कंपनीचा वकील म्हणाला.

तात्या माझ्या खुर्चीमागे उभे होते. "परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"दुसरं पान म्हनलेत?"

"हो. दुसऱ्या पानावरील चौथा मुद्दा."

"आन डोळ्याचं इचारलंय?"

"विचारलंय."

मी वळून पाहिलं. मला वाटलं होतं, पडलेला चेहरा दिसेल. तात्या हसत होते. तोंड मिटून, गाल वर चढवून, एखाद्याने शाबासकी दिल्यासारखे.

"वाचलं की हो!" ते म्हणाले. "तेहतीस वर्सं पंचनामं लिवलं, ताई. एवढी जनावरं, एवढी दुसरी पानं. एकानं कुनी इचारलं न्हाई, की तुकाराम, दुसऱ्या पानावर हे काय लिवलंय? ह्यानं कुठल्या मुलखात बसून वाचलं!"

"अहो पण गढी दिली नाही ना!" इम्रान म्हणाला.

"न्हाई दिली. नियम हाय. बंद करायच्या आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, ते आपन सातव्यात लिवलंय." त्यांनी खिशातून पैसे काढले. "दोन प्रती काढा. एक फायलीला."

बाकावर त्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं. इम्रानचं म्हणणं, कंपनी गिऱ्हाइकाला लुटते आणि वर डोळ्याची चौकशी करते, ही तर अधिक लबाडी. नित्याचं म्हणणं, वकील म्हणून नाही तर खरंच सांगतो, उत्तर देणारा माणूस भला होता, पण त्याच्या हातात काही नसणार. आपल्या कचेरीत असतं तसंच. तात्या फक्त एवढंच म्हणाले, "मानूस ठेवलाय त्यांनी वाचायला. लई मोठी गोष्ट हाय." मग वही काढली, सगळ्यांच्या पासवर्डांचं पान फाडून त्याचे बारीक तुकडे केले आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. प्रत्येकाला सांगितलं, घरी जाऊन बदला. मीही त्या संध्याकाळी माझे बदलले, हे कोणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी नवीन रान घेतलं. या खेळात नवख्याचे फार हाल होतात, रोज कोणीतरी येऊन झोपडी पाडतं. तात्या रोज ती उभी करायचे. टोळीला मदत करायची होती, पण आता दुसऱ्याच्या गढीत शिरायचं नाही हे ठरलेलं. मग सगळे आपापल्या फोनवरून, आपापल्या नावाने दगड धाडायचे. त्याला वेळ लागायचा. इम्रान कुरकुरायचा, पण धाडायचा.

दोन-तीन महिन्यांनी तात्या मुलीकडे नाशिकला राहायला गेले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिकडेच करायचं होतं. जायच्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी एसटी स्टँडवर गेले. मंचरची गाडी लागली होती, पुढे तिथून नाशिकची. इम्रान आणि नित्या सामान चढवत होते. तात्या खिडकीत बसले, खाकी शर्टात. गाडी सुरू झाली आणि नित्या खिडकीखाली आला.

"तात्या, वाटंत रेंज जाईल. तट अजून तीन दगडांचा हाय, येऊन पाडतील. फक्त आजच्यापुरता पासवर्ड द्या. कोणाला कळतंय?"

"न्हाई."

"अहो, पडंल!"

"पडू दे," तात्या म्हणाले. "पडला तर उठवू."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे घेऊन वळायला लागली तेव्हा आम्ही तिघं हात हलवत होतो. तात्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. रेंज होती तोवरची फेरी चालू होती. चष्मा कपाळावर, फोन बऱ्या डोळ्याजवळ धरलेला, आणि अंगठा त्या तीन दगडांवरून सावकाश पुढे सरकत होता.